पेव आणि पिंजरा

ज्या घराला अंगण होते आणि अंगणात एखादे पेरूचे नाहीतर आंब्याचे झाड होते, अशा बहुतेक मराठी घरांत कधी ना कधी खारीचे पिल्लू सांभाळण्याचा प्रयोग झालेला असतो. वळवाच्या वाऱ्यात घरटे खाली येते, मांजर टपून बसलेले असते, आणि सुट्टीत उंडारणारे एखादे पोर डोळेही न उघडलेले, बोटाएवढे ते पिल्लू खिशात घालून घरी आणते. मग बुटांचे खोके येते, आजोबांच्या धोतराचा मऊ तुकडा येतो, कापसाच्या बोळ्याने दूध पाजणे सुरू होते. आमच्या घरी आलेले पिल्लू तीन दिवस जगले. गाईच्या दुधात पाणी घालून दिले होते. ते दूध त्या पोटाला मानवत नाही, हगवण लागून पिल्लू सुकत जाते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. त्या तीन दिवसांत घरातल्या कोणीही एक साधा प्रश्न विचारला नव्हता : हा जीव एरवी राहतो कुठे? त्याला ठेवायचे कशात, एवढाच विचार आम्ही केला.

या पुस्तकाच्या लेखकाने मात्र पहिल्या पानापासून तो राहून गेलेला प्रश्नच धरून ठेवला आहे. विषय वरवर पाहता लहान आहे : चिपमंक आणि त्याच्यासारखे छोटे कृंतक प्राणी घरातल्या पिंजऱ्यात न ठेवता उघड्यावर, माती, झाडोरा आणि ऊन-पाऊस असलेल्या बंदिस्त आवारात कसे ठेवतात. हस्तलिखित हाती आले तेव्हा, खरे सांगतो, मला त्याचे प्रयोजन कळेना. भारतात रानात चिपमंक नाही. आपल्याला तो माहीत आहे तो डिस्नेच्या चिप आणि डेल या जोडगोळीमुळे, किंवा न्यू जर्सीतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या फोटोंमुळे. आणि त्या फोटोंखाली हटकून लिहिलेले असते, ‘आमच्या अंगणातली खार’. पुस्तक वाचून संपवले तेव्हा या गैरसमजातच त्याचे प्रयोजन सापडले.

चिपमंक खारीच्याच कुळातला आहे, पण तो आपली खार नव्हे. आपल्या खारीच्या पट्ट्या पाठीवर संपतात. चिपमंकच्या पट्ट्या चेहऱ्यावरही असतात, डोळ्यांच्या वर-खाली काजळाच्या रेघा ओढाव्यात तशा. खार झाडावर घरटे बांधते. चिपमंक झाडावर चढतो, फळे तोडतो, फांद्यांवर बसून ऊन खातो, पण त्याचे घर जमिनीखाली असते. त्याच्या पंचवीसेक जातींपैकी एक सोडून सगळ्या उत्तर अमेरिकेत आहेत. उरलेली एक, सैबेरियन चिपमंक, रशियाच्या उत्तरेपासून सैबेरियाभर पसरत कोरियापर्यंत आणि जपानच्या होक्काइदो बेटापर्यंत जाते. शास्त्रज्ञांनी या प्राण्याला नाव दिले ते ‘तामिआस’. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ कोठारावरचा कारभारी. नाव ठेवणाऱ्याने प्राणी नीट पाहिला होता यात शंका नाही.

त्या कोठारासाठी आपल्याकडे शब्द आहे आणि तो वापरला की अर्धे पुस्तक आपोआप समजते : पेव. मराठवाड्यात, सोलापुराकडे जुन्या गावांत जमिनीखाली खोल खड्डा खणून, आतून लिंपून, त्यात ज्वारी भरून तोंड बंद करत. वरून चालणाऱ्या परक्याला पत्ताही लागत नसे. चिपमंक हेच करतो. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या चिपमंकच्या बिळाचे तोंड जेमतेम दोन इंचांचे असते आणि त्याच्याबाहेर मातीचा ढीग सापडत नाही. आत काही मीटर लांबीचा बोगदा असतो, झोपायची पानांनी भरलेली खोली असते, आणि एक किंवा अधिक कोठ्या. गालांच्या दोन थैल्या भरून तो दाणे नेतो. भरल्या गालांनी त्याचे डोके धडाइतके रुंद दिसते. थंडी पडली की तो तोंड बुजवून आत जातो. पण अस्वलासारखी अंगावर चरबी चढवून झोपणारा हा प्राणी नव्हे. त्याची भिस्त अंगावर नसून कोठीवर असते. शरीर थंड पडते, श्वास मंदावतो, काही दिवसांनी तो जागा होतो, कोठीतले खातो आणि पुन्हा झोपतो. असा सारा हिवाळा.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पिंजरा बांधणाऱ्याने त्या भिंतीवर लिहून ठेवाव्यात. एक, ज्याचे सारे आयुष्य साठ्यावर अवलंबून आहे तो साठ्यात वाटेकरी खपवून घेत नाही. चिपमंक एकटा राहणारा प्राणी आहे. ‘बिचाऱ्याला सोबत हवी’ म्हणून एका आवारात दोन-तीन सोडणारे लोक माणसाच्या स्वभावाचे माप त्याला लावतात, आणि शरद ऋतूत, साठवणीच्या दिवसांत, रक्त सांडल्यावर त्यांना ते कळते. दुसरी गोष्ट, अशा प्राण्यासाठी पिंजरा बांधायचा तर आधी जमीन बांधावी लागते. तारेचे काम नंतरचे.

जमिनीचा विचार न करता कृंतक प्राण्याला ठेवले तर काय होते, याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला १९३० मधला आहे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या शॉल अ‍ॅडलर यांना लाइशमनियासिस या रोगाच्या, म्हणजे आपल्या काळा-आजाराच्या गोत्रातल्या रोगाच्या अभ्यासासाठी हॅमस्टर हवे होते. प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल आहारोनी ते शोधायला सीरियात अलेप्पोच्या परिसरात गेले. स्थानिक मजुरांनी गव्हाच्या शेतात कित्येक फूट खोल खणल्यावर बिळात एक मादी आणि तिची पिल्ले सापडली. बिळातून उचलताच त्या मादीने घाबरून आपल्याच एका पिल्लाला मारले. उरलेली पिल्ले आहारोनींनी घरी जिवापाड वाढवली आणि जेरुसलेमला दिली. तिथे ती लाकडी तळाच्या पिंजऱ्यात ठेवली गेली. सकाळी पाहतात तो तळाला भोक, आणि पाच पिल्ले गायब! जी राहिली त्यांच्यापासूनच आज जगभरच्या घरांत आणि प्रयोगशाळांत असलेले बहुतेक सगळे सोनेरी हॅमस्टर आले. लाकूड थोडे आणखी मऊ असते तर हा प्राणी कोणाच्या घरात कधी आलाच नसता. कृंतकाचे पुढचे दात जन्मभर वाढतात आणि ते झिजवणे ही त्याची गरज असते. त्याला लाकूड म्हणजे भिंत वाटत नाही, काम वाटते.

पुस्तकाचा सर्वांत भरीव भाग आवाराच्या बांधणीचा आहे आणि तो वाचताना मला एखाद्या जाणत्या गवंड्याशेजारी बसल्यासारखे वाटले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती पातळ षटकोनी जाळी इथे चालत नाही. अर्धा इंची चौकोनांची, सांध्या-सांध्यावर वेल्ड केलेली, जस्ताचा मुलामा दिलेली जाड जाळी हवी. नव्या जाळीवर जस्ताचे सुटे कण असतात, आणि जाळी कुरतडणाऱ्या पाळीव पोपटांना त्यातून विषबाधा होते, हे पक्षी पाळणाऱ्यांना जुने माहीत आहे. म्हणून जाळी व्हिनेगरने घासून, धुऊन मग लावायची. तळाशी खडी, तिच्यावर जाळी, जाळीची कड भिंतींच्या जाळीला सलग शिवलेली, आणि त्यावर निदान दोन फूट माती. पाणी झिरपले पाहिजे, नाहीतर कोठीतले दाणे कुजतात आणि झोपलेला प्राणी ओलीत भिजतो. छत अर्धे पक्के, अर्धे जाळीचे, म्हणजे प्राण्याला पाऊस हवा तेव्हा घेता येतो आणि नको तेव्हा टाळता येतो. दार एक नको, दोन हवीत, मधे माणूस उभा राहील एवढी जागा. बाहेरचे दार लावल्याशिवाय आतले उघडायचे नाही. लेखकाने या जागेला ‘देवडी’ म्हटले आहे. वाड्याच्या देवडीवर बसलेला पहारेकरी आठवून मला हसू आले, पण शब्द अगदी चपखल आहे.

ही सगळी तटबंदी फक्त आतल्याने बाहेर जाऊ नये म्हणून नसते, हे नवशिक्याला लवकर उमगत नाही. बाहेरच्याने आत येऊ नये हेही तितकेच महत्त्वाचे. युरोपात वीझल नावाचा मुंगसासारखा सडपातळ शिकारी उंदराच्या बिळात सहज शिरतो. रात्री घुबड येऊन जाळीच्या छतावर बसते, आणि मग प्राणी आठवडाभर बिळाबाहेर येत नाही. सर्वांत चिवट मात्र उंदीर. सांडलेल्या दाण्याच्या वासाने तो येतो, खालून पोखरतो. मुंबई-पुण्याच्या जुन्या चाळींत घुशींनी फरशा खचवलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे निराळे सांगायला नको. आणि पावसाळ्यात लेप्टोची बातमी वाचणाऱ्या कोकणातल्या माणसाला उंदराचे मूत खाण्याच्या भांड्यात नको, हेही सांगायला नको. अडचण अशी की उंदीर येऊ नयेत म्हणून उरलेले अन्न रोज उचलावे, तर इथे पाळलेला प्राणीच साठेबाज! ओली फळे, भाज्या संध्याकाळी काढून घ्याव्यात, पण कोरड्या दाण्यांच्या कोठीला हात लावू नये. स्वच्छतेच्या उत्साहात हिवाळ्याच्या तोंडाशी कोठी उकरून साफ करणारा माणूस पेव लुटणाऱ्याच्याच पंगतीला बसतो.

शेपटीबद्दल एक वाक्य पुस्तकात आहे, ते इथेही देतो, कारण प्रस्तावना वाचून पुस्तक बंद करणारे पुष्कळ असतात. चिपमंकला शेपटीला धरून कधीही उचलू नये. कातडी सोलवटून हातात येते.

आहाराच्या प्रकरणात लेखकाने एक गोष्ट थोडक्यात उरकली आहे. ती इथे जरा सविस्तर सांगतो, कारण तिचे एक टोक आपल्या दख्खनमध्ये आहे. फ्रान्समधल्या अल्सास प्रांतात युरोपीय हॅमस्टर शेतांच्या बांधावर राहत असे. पिकांची विविधता गेली, मैलोगणती मका आला आणि हॅमस्टर संपत चालला. त्याचे रक्षण नीट केले नाही म्हणून २०११ मध्ये युरोपीय न्यायालयाने फ्रान्सच्या विरोधात निकाल दिला. तिथल्या संशोधकांनी बंदिवासातल्या माद्यांना प्रामुख्याने मक्यावर ठेवून पाहिले. त्या माद्या व्यायल्या आणि आपली जिवंत पिल्ले खाऊ लागल्या. कारण नायसिन या जीवनसत्त्वाची कमतरता, म्हणजे माणसांत ज्यामुळे पेलाग्रा हा रोग होतो तीच. आहारात नायसिन घातल्यावर माद्या पुन्हा आयांसारख्या वागू लागल्या. हे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आता मागे जा. ज्वारीवरच दिवस काढणाऱ्या दख्खनच्या गरिबांत पेलाग्रा दिसतो, याकडे हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास लक्ष वेधले होते. माणूस काय, हॅमस्टर काय, एकाच धान्यावर जगवला की आतून पोखरला जातो. ‘दाणे खाणारा प्राणी आहे, टाका मूठभर मका’ असे म्हणणाऱ्याच्या हाती हे पान द्यावे. चिपमंकला दाण्यांबरोबर कवचाची फळे, हिरवा पाला आणि किडेही लागतात.

आता तटबंदीचा दुसरा अर्थ. १९६० च्या दशकापासून दक्षिण कोरियातून सैबेरियन चिपमंक पेट्यांमध्ये भरून युरोपात विक्रीला येऊ लागले. ते देखणे होते, दिवसा जागे असत, फार महागही नव्हते. काही पळाले, काही कंटाळलेल्या मालकांनी बागेत नेऊन सोडले, आणि अशा सोडण्याला ‘स्वातंत्र्य दिले’ असे म्हणायची पद्धत तिकडेही आहे. ब्रसेल्सला खेटून असलेल्या स्वान्यच्या अरण्यात, पॅरिसजवळच्या सेनारच्या अरण्यात, जर्मनीत फ्रायबुर्गला, इटलीत, नेदरलँड्समध्ये त्यांची वस्ती बसली. सेनारमध्ये पाहणी झाली तेव्हा दिसले की या परक्या पाहुण्याच्या अंगावर गोचिडांची पिल्ले पोसली जातात आणि लाइम रोगाचे जंतू घेतलेली गोचीड तिथल्या मूळच्या उंदरांपेक्षा त्याच्यामुळे कितीतरी अधिक तयार होते. आक्रमक परक्या जातींबद्दलचा युरोपीय संघाचा कायदा २०१४ चा. त्याची पहिली, ३७ जातींची यादी ऑगस्ट २०१६ मध्ये लागू झाली आणि तीत सैबेरियन चिपमंकचे नाव होते. विक्री बंद, पैदास बंद, आयात बंद. ज्यांच्याकडे आधीपासून होता त्यांनी तो निसटणार नाही, वाढणार नाही अशा बंदोबस्तात नैसर्गिक मृत्यूपर्यंत ठेवावा, एवढीच सूट. ब्रिटनमध्येही २०१९ च्या अखेरीपासून अंमलबजावणीचे नियम आले.

बंदिवासात चिपमंक फार तर आठ-दहा वर्षे जगतो. म्हणजे त्या सुटीतली पिढी आता संपत आली. या कायद्याबद्दल पाळणाऱ्यांच्या तक्रारी लेखकाने सहानुभूतीने नोंदवल्या आहेत. मला मात्र कायदा योग्य वाटतो. एका माणसाच्या सैल कडीची किंमत सबंध अरण्याने का द्यावी? आणि यात आपण नामानिराळे आहोत असेही नाही. ऑस्ट्रेलियात पर्थ शहराच्या प्राणिसंग्रहालयातून १८९८ मध्ये सोडलेल्या खारींची वस्ती त्या परिसरात टिकून राहिली. ती खार म्हणजे आपली पाच पट्ट्यांची, अंगणातली, पेरू कुरतडणारी. आपल्या दारात जी गोड, तीच दुसऱ्याच्या दारात उपरी ठरते.

मग हे पुस्तक कशासाठी, ठेवू नका एवढे एका ओळीत सांगून भागले असते, असे कोणी म्हणेल. तसे भागत नाही, कारण उघड्यावरच्या आवाराचा सर्वांत चांगला उपयोग पाळण्यासाठी झालेलाच नाही. ब्रिटनमध्ये डॉरमाउस नावाचा, सोनेरी अंगाचा, झुबकेदार शेपटीचा, वीसेक ग्रॅमचा प्राणी अनेक परगण्यांतून नाहीसा झाला. १९९३ पासून बंदिवासात जन्मलेले डॉरमाउस तिथल्या रानांत पुन्हा सोडले जात आहेत. त्यांची आवारे घराबाहेरच असतात, कारण दिवस लहान झाले, गारठा वाढला हे अंगाला कळल्याशिवाय हा प्राणी झोपेची तयारी करत नाही. सोडण्याआधी पशुवैद्यांच्या देखरेखीखाली विलगवास, तपासणी, आणि मग रानातल्याच एका झाडाला बांधलेला जाळीचा पिंजरा. त्यात सुमारे दहा दिवस. प्राणी त्या रानाचा वास घेतो, आवाज ऐकतो. मग जाळीला एक लहान भोक पाडतात आणि पिंजरा तसाच ठेवतात. खाणेही ठेवत राहतात. बरेच दिवस प्राणी रात्री बाहेर हिंडून पुन्हा तिथे खायला येतो, हळूहळू येईनासा होतो. पिंजऱ्याचे इतके सभ्य रूप मी दुसरीकडे पाहिलेले नाही. शेतातला सहा ग्रॅमचा छोटा उंदीर, जो गवताच्या पात्यांचे चेंडूसारखे घरटे विणतो, त्याच्यासाठी तर विम्बल्डनमध्ये खेळून झालेल्या टेनिसच्या चेंडूंना भोके पाडून ते काठ्यांवर लावले गेले. त्याच्या आवाराला अर्धा इंची जाळी म्हणजे उघडे दारच; काच लागते, किंवा पाव इंची जाळी.

म्हणून हे पुस्तक वाचून कोणी आपल्या रानातली खार किंवा शेकरू पकडायला निघू नये. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण आहे, आणि भीमाशंकरच्या झाडांवर उंच घरटी बांधून फिरणाऱ्या प्राण्याला कोणतेही अंगण पुरणारे नाही. हे पुस्तक ज्यांच्या कामाचे आहे ते लोक वेगळे : जखमी प्राण्यांच्या उपचार केंद्रांत काम करणारी मुले, प्राणिसंग्रहालयांत आवारे आखणारे, परदेशात राहणारे आणि तिथल्या कायद्याने ज्यांना परवानगी आहे असे मराठी लोक, आणि केवळ कुतूहलाने वाचणारे माझ्यासारखे.

लेखकाशी माझे एका ठिकाणी पटलेले नाही, तेही सांगून टाकतो. आवाराच्या एका बाजूला मातीला लागून जाड काच बसवायची, म्हणजे बिळाची आतली बाजू दिसते, अशी युक्ती त्याने आकृतीसह दिली आहे. आकृती सुरेख आहे. पण ज्याने सारी खटपट दिसू नये म्हणून केली त्याच्या झोपायच्या खोलीला खिडकी पाडणे मला बरे वाटत नाही. हे मी त्याला पत्राने कळवले. त्याने आकृती काढली नाही, खाली एक ओळ वाढवली : काचेवर बाहेरून काळे कापड टाकावे आणि क्वचितच उचलावे. तडजोड म्हणून ठीक आहे.

शेवटच्या प्रकरणात हिवाळ्यातल्या आवाराचे वर्णन आहे. ऑक्टोबर सरतो, एके सकाळी खाण्याची ताटली जशीच्या तशी असते, बिळाचे तोंड आतून बुजलेले असते. त्यानंतर चार-पाच महिने आवार रिकामे दिसते. पाहुणे येतात, जाळीला नाक लावतात, ‘कुठे आहे?’ म्हणून विचारतात. पाळणारा मातीकडे बोट दाखवतो. पाहुण्यांचा विश्वास बसत नाही. तो मात्र रोज सकाळी देवडीतून आत जातो, भांड्यातल्या पाण्यावरचा बर्फ फोडतो, नवे पाणी भरतो, जाळीची कड पायाने चाचपून पाहतो आणि दोन्ही दारे लावून घरात येतो.